कमांड लाइनची विंडो आपल्या सोयीची कशी करावी: फॉन्ट, रंग आणि प्रॉम्प्ट

कमांड लाइनच्या विंडोचे रूप बदलायला बसण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली, तर पुढची बरीच धडपड वाचते. डोळ्यांना एकच विंडो दिसत असली, तरी तिथे दोन वेगळे प्रोग्राम काम करीत असतात. पहिला टर्मिनल, अक्षरे पडद्यावर उमटवणे, त्यांना रंग देणे आणि आपण टाइप केलेले आत पोहोचवणे एवढेच त्याचे काम. दुसरा शेल, तो आपली कमांड वाचतो, चालवतो आणि काम संपले की पुन्हा प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड टाइप करण्याच्या जागेआधी दिसणारा मजकूर, दाखवतो. फॉन्ट, पार्श्वभूमी, कर्सरचा आकार, विंडोची लांबी-रुंदी हे सारे टर्मिनलच्या सेटिंग्जमध्ये बदलते, तर प्रॉम्प्टमध्ये काय दिसावे आणि कोणत्या रंगात दिसावे, हे शेलच्या फाइलमध्ये, म्हणजे शेल सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये (बॅशसाठी .bashrc, झेड-शेलसाठी .zshrc), लिहावे लागते. नवखा माणूस प्रॉम्प्टचा रंग टर्मिनलच्या सेटिंग्जमध्ये शोधत बसतो आणि तो तिथे सापडत नाही म्हणून नाद सोडून देतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

विंडोजवर विंडोज टर्मिनल हे टर्मिनल असते आणि त्याच्या आत पॉवरशेल किंवा कमांड प्रॉम्प्ट हा शेल चालतो. मॅकवर टर्मिनल याच नावाचा प्रोग्राम असतो आणि २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून त्यात झेड-शेल मुळातच निवडलेला असतो. लिनक्सवर नोम टर्मिनल, कॉन्सोल यांसारखे अनेक पर्याय असून शेल बहुधा बॅश असतो.

टर्मिनल हे नाव खऱ्याखुऱ्या यंत्रांवरून आलेले आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये आणलेल्या व्हीटी-१०० या यंत्राच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २४ ओळी मावत, आणि आजचे टर्मिनल प्रोग्राम पुष्कळ अंशी त्याच घराण्यातल्या यंत्रांची नक्कल करतात. नवी विंडो अजूनही अनेक ठिकाणी ८० स्तंभांची उघडते ती त्यामुळेच. स्तंभ आणि ओळींनी बनलेली ही चौकटींची जाळी ध्यानात ठेवावी, कारण फॉन्टपासून प्रॉम्प्टपर्यंतच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिच्यातच सापडते.

सुरुवात फॉन्टपासून

बहुतेक जण आधी रंगांच्या मागे लागतात, परंतु माझ्या मते पहिला अर्धा तास फॉन्टला द्यावा, कारण डोळ्यांना शीण येतो तो मुख्यतः अक्षरे नीट ओळखू न आल्याने. टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला सारख्याच रुंदीची चौकट मिळते, म्हणून फॉन्टही समान रुंदीच्या अक्षरांचाच, म्हणजे मोनोस्पेस प्रकारचा लागतो. विंडोजवर कॅस्केडिया मोनो आणि कन्सोलास, मॅकवर मेन्लो आणि लिनक्सवर डेजाव्हू सॅन्स मोनो हे चांगले फॉन्ट सहज हाताशी असतात. वेगळा हवा असेल, तर जेटब्रेन्स मोनो किंवा सोर्स कोड प्रो हे मोफत उतरवून घेता येतात.

फॉन्ट पारखण्याची सोपी रीत अशी: शून्य आणि रोमन मोठे ओ अक्षर शेजारीशेजारी टाइप करावे, त्यापुढे एकचा आकडा, छोटे एल आणि मोठे आय ही तीन अक्षरे ओळीने टाइप करावीत. नेहमीच्या अंतरावर बसून, डोळे न ताणता ही पाचही चिन्हे वेगळी ओळखू आली, तरच तो फॉन्ट ठेवावा. चांगल्या फॉन्टमध्ये शून्याच्या पोटात ठिपका किंवा तिरकी रेघ असते. मग गोल, चौकोनी आणि महिरपी कंस, स्वल्पविराम आणि पूर्णविराम, सरळ आणि उलटे अवतरणचिन्ह यांच्याकडे पाहावे. कमांड चुकते ती बहुतेक वेळा याच बारीक चिन्हांत. आकार १२ ते १४ पॉइंटपासून सुरू करून एकेका पॉइंटने वाढवावा, आणि सोय असेल तर दोन ओळींमधले अंतरही किंचित वाढवून पाहावे.

काही फॉन्टमध्ये जोडचिन्हे असतात. उद्गारचिन्ह आणि बरोबरचे चिन्ह लागोपाठ टाइप केले, की ती दोन्ही मिळून ‘बरोबर नाही’ असे एकच चिन्ह दिसू लागते. फाइलमध्ये मात्र चिन्हे दोनच राहतात. ज्याला सवय आहे त्याला हे आवडते, पण कमांड लाइन शिकणाऱ्याने असे फॉन्ट टाळावेत, असे मला वाटते. पडद्यावर जे दिसते तेच आपण टाइप केले आहे, ही खात्री सुरुवातीच्या दिवसांत फार मोलाची असते. कॅस्केडिया कोड या फॉन्टमध्ये ही जोडचिन्हे आहेत, आणि त्याच्याच कॅस्केडिया मोनो या भावंडात ती नाहीत.

देवनागरीत नाव दिलेल्या फाइलींची यादी टर्मिनलमध्ये पाहिली, तर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटलेली दिसण्याचा संभव असतो. याचे कारण वर सांगितलेली चौकटींची जाळी. जोडाक्षराला किती चौकटी द्यायच्या, याचा टर्मिनलचा हिशेब आणि फॉन्टमधील अक्षराची खरी रुंदी यांचा मेळ बसत नाही. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर टर्मिनल ती अक्षरे दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून उसनी घेते आणि विसंगती आणखी वाढते. फाइलीला यामुळे काहीही इजा झालेली नसते. ज्या फाइलींची नावे वारंवार टाइप करावी लागतात, त्यांना रोमन नावे देणे हाच तूर्त सोयीचा मार्ग आहे.

हे बदल कुठे करायचे, ते थोडक्यात असे. विंडोज टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि स्वल्पविराम या कळा एकत्र दाबल्या की सेटिंग्ज उघडतात; तिथे डाव्या बाजूला प्रोफाइलच्या यादीत ‘डिफॉल्ट्स’ निवडून ‘अपिअरन्स’मध्ये जावे आणि बदल झाल्यावर ‘सेव्ह’ दाबायला विसरू नये. कमांड प्रॉम्प्टच्या जुन्या पद्धतीच्या विंडोत शीर्षकपट्टीवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. मॅकवर कमांड आणि स्वल्पविराम दाबून ‘प्रोफाइल्स’मध्ये जावे, हवे ते बदल करावेत आणि खालचे ‘डिफॉल्ट’ बटण दाबावे. ते न दाबल्यास पुढची विंडो पुन्हा जुन्याच रूपात उघडते. नोम टर्मिनलमध्ये ‘प्रेफरन्सेस’मध्ये आपल्या प्रोफाइलचे नाव निवडले की फॉन्ट आणि रंग यांचे वेगळे टॅब मिळतात. रंग बदलण्यापूर्वी तिथली ‘सिस्टिम थीमचे रंग वापरा’ ही खूण काढावी लागते.

रंग कसे चालतात

टर्मिनलचा मूळ रंगसंच १६ रंगांचा असतो: काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी आणि पांढरा हे आठ आणि त्यांच्याच आठ उजळ छटा. एखादा प्रोग्राम चूक दाखवताना जेव्हा ‘लाल’ म्हणतो, तेव्हा तो केवळ क्रमांक सांगत असतो. तो लाल नेमका कुठला, विटेसारखा की कुंकवासारखा, हे टर्मिनल ठरवते. म्हणून टर्मिनलमधील रंगसंगती एकदा बदलली, की त्यात चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांचे रंग एकाच वेळी बदलतात.

पुढे २५६ रंगांची पद्धत आली. तिच्यात हे १६ रंग, लाल-हिरवा-निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्यांतून तयार होणारे २१६ रंग आणि करड्याच्या २४ छटा असतात. आजची बहुतेक टर्मिनल याहून पुढे जाऊन सुमारे १ कोटी ६७ लाख रंग दाखवू शकतात. परंतु जो प्रोग्राम असे नेमके रंग स्वतःच ठरवून पाठवतो, तो आपल्या रंगसंगतीला जुमानत नाही. टर्मिनल फिकट पार्श्वभूमीचे आणि त्यातला एडिटर मात्र काळाकुट्ट, असे दिसले तर हेच कारण समजावे आणि रंग त्या एडिटरच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये बदलावा.

रंगसंगती निवडताना तिचे जाहिरातीतले चित्र पाहून भुलू नये. विंडोजच्या जुन्या रंगसंचातला गडद निळा रंग काळ्या पार्श्वभूमीवर जवळजवळ वाचताच येत नसे. २०१७ मध्ये कॅम्पबेल नावाचा नवा रंगसंच आला तो मुख्यतः ही अडचण दूर करण्यासाठी. लिनक्सवर फोल्डरांची नावे बहुधा निळ्या रंगात येतात, म्हणून कोणतीही रंगसंगती घेताना मी सर्वांत आधी निळा रंग पाहतो. वेबवरील मजकुरासाठीच्या सुलभतेच्या नियमांत अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे असे म्हटले आहे; तोच दंडक इथेही लावावा. हे गुणोत्तर मोजून देणारी साधने वेबवर मोफत मिळतात.

सोलराइझ्ड ही २०११ मध्ये ईथन शूनओव्हर यांनी तयार केलेली रंगसंगती फार विचारपूर्वक बांधलेली आहे आणि मी ती बराच काळ वापरली. तिच्यात उजळ छटांच्या आठ जागांपैकी बहुतेक जागा करड्या रंगांच्या पायऱ्यांसाठी वापरलेल्या आहेत, आणि गडद रूपात ‘उजळ काळा’ हा रंग पार्श्वभूमीचाच रंग ठरतो. परिणामी जो प्रोग्राम फिकी सूचना दाखवण्यासाठी ‘उजळ काळा’ मागतो, त्याची सूचना पडद्यावर असूनही दिसत नाही. झेड-शेलमध्ये मागच्या कमांड फिक्या अक्षरांत सुचवणारी सोय चालू करूनही काहीच उमटत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा याच एका रंगाचा असतो. टर्मिनलच्या सेटिंग्जमध्ये तेवढाच रंग किंचित उजळ केला की काम होते.

ज्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, त्यांनी या दोन रंगांच्या छटा उजळपणातही वेगळ्या निवडाव्यात, म्हणजे एक स्पष्ट गडद आणि दुसरी स्पष्ट फिकी. गिट या फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये काढलेल्या ओळी लाल आणि घातलेल्या ओळी हिरव्या दिसतात. तिथे ओळीच्या आरंभी उणे-अधिक चिन्हे असल्याने निभावते, पण सर्वच प्रोग्राम इतकी काळजी घेत नाहीत.

पार्श्वभूमी गडद असावी की फिकी, याचे एकच उत्तर नाही. दिवसा उजेडात, खिडकीजवळ बसून काम करणाऱ्याला गडद पार्श्वभूमीवर स्वतःचेच प्रतिबिंब दिसत राहते. मंद उजेडाच्या खोलीत पांढरी पार्श्वभूमी डोळ्यांना खुपते. पारदर्शकतेबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. मागच्या विंडोतली अक्षरे पुढच्या अक्षरांत मिसळू देऊ नयेत. हौस असेलच, तर पार्श्वभूमी ९० टक्क्यांहून कमी भरीव ठेवू नये. पार्श्वभूमीला छायाचित्र लावण्याचेही तसेच आहे.

कमांड प्रॉम्प्टमध्ये फक्त चालू विंडोपुरता रंग बदलायचा असेल, तर ‘कलर’ ही कमांड पुरते. तिच्यापुढे जागा सोडून दोन चिन्हे टाइप करायची: पहिले पार्श्वभूमीचे, दुसरे अक्षरांचे. शून्य आणि त्याला जोडून रोमन ए दिले, तर काळ्यावर फिकट हिरवी अक्षरे येतात. दोन्ही चिन्हे सारखी दिली तर कमांड ती स्वीकारत नाही, कारण मग काहीच वाचता आले नसते.

प्रॉम्प्ट

माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग प्रॉम्प्ट आहे, आणि याला एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर दोन विंडो उघड्या होत्या: एकीत माझा सरावाचा संगणक, दुसरीत दूरचा सर्व्हर. दोन्हींची पार्श्वभूमी काळी, दोन्हींचा प्रॉम्प्ट एकाच करड्या रंगाचा, दोन्हींत फोल्डरचे नावही एकच. सरावाच्या संगणकावरचा फोल्डर पुसण्याची कमांड मी सर्व्हरच्या विंडोत दिली. बॅकअप होता म्हणून माहिती परत मिळाली, तरी ती जागच्या जागी लावण्यात रात्र गेली. त्या दिवसापासून मी जिथे जिथे सर्व्हरवर काम करतो, तिथे संगणकाचे नाव लाल रंगात दिसते.

हा रंग टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये न ठेवता सर्व्हरवरच्या शेलच्या फाइलमध्ये लिहावा. प्रोफाइल आपल्या संगणकापुरते असते, तर सर्व्हरवरची फाइल त्या खात्यात कोणीही, कुठूनही, कोणत्याही टर्मिनलमधून शिरला तरी वाचली जाते, आणि त्यालाही तोच लाल रंग दिसतो.

आता प्रत्यक्ष कृती. खालच्या मजकुरात अक्षरांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत; टाइप करताना ती रोमन लिपीत, आणि वेगळे सांगितले नसल्यास छोट्या अक्षरांत टाइप करावीत. बॅशमध्ये प्रॉम्प्टचा मजकूर ‘पीएस१’ या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे शेलने त्या नावाने साठवलेल्या मजकुरात, असतो; त्यातली दोन्ही अक्षरे मोठी असून बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडायची नाही. मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत लिहावा. त्यात उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, आणि यू यांचा अर्थ वापरकर्त्याचे नाव. बॅकस्लॅश आणि एच म्हणजे संगणकाचे नाव. बॅकस्लॅश आणि डब्ल्यू म्हणजे चालू फोल्डरचा पूर्ण मार्ग, आणि तोच डब्ल्यू मोठा लिहिला तर फक्त शेवटच्या फोल्डरचे नाव. बॅकस्लॅश आणि टी यांनी घड्याळाची वेळ येते, आणि बॅकस्लॅश व डॉलरचे चिन्ह शेवटी दिले तर सामान्य वापरकर्त्याला $ दिसते आणि सर्वाधिकारी रूट वापरकर्त्याला # दिसते. हे शेवटचे चिन्ह कधीही गाळू नये. आपण पूर्ण अधिकारांनिशी काम करीत आहोत, याची तीच खूण असते.

रंगासाठी बॅकस्लॅश, ई, उघडणारा चौकोनी कंस, रंगाचा आकडा आणि शेवटी एम असा क्रम लिहायचा. ३१ लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा, ३५ किरमिजी, ३६ आकाशी. याच रंगांच्या उजळ छटा ९१ ते ९६ या आकड्यांनी मिळतात. शून्य दिले की रंग मूळपदावर येतो; प्रॉम्प्टच्या शेवटी शून्य द्यायचे राहिले, तर आपण टाइप केलेली कमांड आणि तिच्यामागून येणारा मजकूरही त्याच रंगात रंगून निघतो.

इथे एक चूक फार जणांकडून होते. रंगाच्या प्रत्येक क्रमाच्या आधी बॅकस्लॅश आणि उघडणारा चौकोनी कंस, आणि नंतर बॅकस्लॅश आणि बंद होणारा चौकोनी कंस द्यावा लागतो. ही वेष्टणे नसली तरी रंग व्यवस्थित दिसतो, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. मग एखाद्या दिवशी लांबलचक कमांड टाइप करताना ओळ संपते आणि अक्षरे खालच्या ओळीवर जाण्याऐवजी त्याच ओळीच्या सुरुवातीला येऊन प्रॉम्प्टवरच उमटू लागतात. झालेले असे असते, की रंगाची चिन्हे पडद्यावर जागा घेत नाहीत हे बॅशला कोणी सांगितलेलेच नसते. तो त्यांनाही अक्षरे समजून मोजतो आणि ओळ कुठे संपते याचा त्याचा अंदाज चुकतो. वेष्टणांचे काम ‘हे मोजू नकोस’ असे सांगणे एवढेच आहे.

झेड-शेलमध्ये हीच कामे टक्क्याच्या चिन्हाने होतात: टक्का आणि एन म्हणजे वापरकर्ता, टक्का आणि एम म्हणजे संगणक, टक्का आणि ~ म्हणजे चालू फोल्डर. रंगासाठी टक्का, मोठा एफ आणि महिरपी कंसात रंगाचे इंग्रजी नाव लिहावे, आणि रंग संपवण्यासाठी टक्का आणि छोटा एफ. इथे वेगळी वेष्टणे लागत नाहीत. पॉवरशेलमध्ये ‘प्रॉम्प्ट’ नावाचे फंक्शन आपल्या प्रोफाइल फाइलमध्ये लिहावे लागते. प्रॉम्प्ट सजवणाऱ्या तयार साधनांपैकी स्टारशिप अनेक शेलमध्ये चालते आणि ओह माय पॉश विशेषतः पॉवरशेलवाल्यांत लोकप्रिय आहे. त्यांच्या चित्रचिन्हांसाठी नर्ड फॉन्ट्सच्या संग्रहातला फॉन्ट बसवावा लागतो, नाहीतर चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. गिटची स्थिती दाखवणारा प्रॉम्प्ट मोठ्या प्रकल्पात प्रत्येक एंटरला क्षणभर थांबतो. ते रेंगाळणे जाणवू लागले, तर प्रॉम्प्टमध्ये फक्त शाखेचे नाव ठेवून बाकीची तपासणी बंद करावी.

ही फाइल बदलण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवावी, आणि बदल तपासताना जुनी विंडो बंद न करता शेजारी नवी उघडावी. फाइलमध्ये एखादे अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले, तर नवा शेल त्रुटी दाखवत उघडतो. अशा वेळी उघडी राहिलेली जुनी विंडोच दुरुस्तीसाठी कामी येते. दूरच्या सर्व्हरवर तर ही काळजी घेतल्याशिवाय त्या फाइलीला हातही लावू नये.

उरलेल्या लहान गोष्टी

कर्सर ठोकळ्याच्या आकाराचा असेल तर भरगच्च पडद्यावर लगेच सापडतो, उभ्या रेघेचा असेल तर दोन अक्षरांमधली जागा नेमकी कळते. मी ठोकळा, न लुकलुकणारा, असा ठेवतो. विंडोची रुंदी १०० ते १२० स्तंभ ठेवली, तर लांब ओळी फारशा मोडत नाहीत. मागे सरकून पाहण्याच्या ओळींची मर्यादा मोठ्या कामांसाठी दहा हजारांच्या आसपास असावी.

फाइलींच्या यादीला रंग देताना लिनक्सवर ‘एलएस’ला रंगाचा पर्याय ‘ऑटो’ असाच द्यावा, ‘ऑलवेज’ असा देऊ नये. ‘ऑलवेज’ दिल्यास यादी एखाद्या फाइलमध्ये साठवताना किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे पाठवताना रंगांची चिन्हेही तिच्यासोबत जातात आणि पुढचा हिशेब बिघडतो. चुकून चित्राची किंवा प्रोग्रामची फाइल टर्मिनलवर ओतली गेली आणि अक्षरांच्या जागी विचित्र खुणा येऊ लागल्या, तर लिनक्स आणि मॅकवर ‘रीसेट’ असे टाइप करून एंटर दाबावे. टाइप केलेले दिसत नसले तरी कमांड चालते.

सगळे मनासारखे जमले, की ते साठवून ठेवावे. विंडोज टर्मिनलच्या सेटिंग्ज एका जेसन फाइलमध्ये असतात, मॅकवर प्रोफाइल निर्यात करता येते आणि शेलच्या फाइली तर साध्या मजकुराच्याच असतात. या सर्वांची गिटमध्ये नोंद ठेवणे उत्तम, फक्त त्यांत एखादा पासवर्ड राहिलेला नाही हे आधी तपासावे. नव्या संगणकावर या फाइली आणण्यापूर्वी फॉन्ट बसवून घ्यावा, कारण सेटिंग्जमध्ये केवळ फॉन्टचे नाव लिहिलेले असते, आणि त्या नावाचा फॉन्ट संगणकावर नसला तर टर्मिनल भलताच फॉन्ट घेऊन उघडते.